जुव्यावर चार वाजताचा चहा

हेलनकाकीला कुठेतरी नुसतं बसायला जायचं होतं. तिच्या गावी म्हणे ऊन पडलं की माणसं एक जाड चादर, सँडविच आणि चहाचा थर्मास घेऊन ओढ्याकाठी जातात, दिवसभर गवतावर बसतात आणि संध्याकाळी घरी परततात. तसा एक दिवस तिला आमच्याकडेही हवा होता. भाईकाकांनी ही मागणी मालवणीत करून सांगितली तेव्हा आत्या ओटीवर सुपारी कातरत बसली होती. तिनं अडकित्ता थांबवला.

"थंय देव आसा?"

"नाय," भाईकाका म्हणाले.

"कोणाचा लगीन आसा?"

"नाय गो."

"मगे जावचा कित्याक?"

"बसाक."

आत्यानं ओटीकडे पाहिलं, अंगणातल्या खळ्याकडे पाहिलं, खळ्यापलीकडच्या माडांकडे आणि त्यांच्यामागे चमकणाऱ्या खाडीकडे पाहिलं. "हयसर काय काटे आसत?" असं म्हणून तिनं पुन्हा सुपारी कातरायला घेतली.

गेल्या रविवारी तुम्ही फोनवर मला तुमची सहल दाखवलीत, हिरवं कुरण, कुंपणापलीकडच्या तीन गाई, चादरीवर मांडलेले डबे. तुम्ही विचारलंत, "आजी, तुमच्याकडे असं काही होतं का गं?" तेव्हा फोनवर मी नुसती हसले, कारण उत्तर लांबलचक होतं. ते आता नीट लिहून ठेवते.

भाईकाका म्हणजे माझ्या वडिलांचे, अण्णांचे, धाकटे भाऊ. विशीत बोटीवर नोकरीला लागले, जगभर फिरले आणि शेवटी इंग्लंडात उतरून तिथेच संसाराला लागले. लग्नाची बातमी पत्रानं आली होती. त्या पत्रानंतर आत्या आठ दिवस कोणाशी बोलली नव्हती असं आई सांगायची. आत्या या दोघा भावांची थोरली बहीण. लवकर विधवा होऊन माहेरी परतलेली आणि तेव्हापासून घराचं सुकाणू धरून बसलेली. अण्णांना "बाबल" म्हणणारी जगात ती एकटीच उरली होती. लग्नाला बारा वर्षं झाल्यावर भाईकाका काकीला घेऊन पहिल्यांदा घरी आले ते त्या मार्गशीर्षात. पहिले चार दिवस आत्या काकीकडे न बघता तिला वाढत असे. पाचव्या दिवशी काकीनं भिडाच्या तव्यावर स्वतः घावणा घातला. तो निम्मा तव्याला चिकटला, निम्मा काकीच्या बोटांना. आत्यानं पुढे होऊन तिचं बोट पाण्यात बुडवलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "सांग तिका, तवो तापलो नाय तर असाच होता." त्या दिवसापासून मी दोघींची दुभाषी झाले.

ते काम मला फार आवडे, हे कबूल करायला हवं. बेळगावला मामाकडे राहून मी इंग्रजी शाळेत मॅट्रिक झाले होते आणि सहा महिने घरी येऊन बसले होते. घर गजबजलेलं असे. अण्णांचा नारळाचा व्यापार होता. सकाळपासून खळ्यात गडी लोखंडी पारईवर नारळ सोलत आणि त्या धपधप आवाजाच्या तालावर आईचं वाटण वाटलं जाई. दुपारी काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याचा वास माडांत जाऊन परत येई. हे सगळं मला आवडत होतं, पण माझं मन मुंबईच्या कॉलेजात जाऊन बसलं होतं. मावशी दादरला राहायची, ती ठेवून घ्यायला तयार होती. अण्णा हो म्हणत नव्हते आणि नाही म्हणत नव्हते. आत्या मात्र स्पष्ट होती. "शिकून काय करतली? आमका इंग्रजीत जेवण वाढतली?"

भाईकाकांनी माझ्यासाठी शब्द टाकला, तो नेमका या सहलीचा विषय चालू असताना. अण्णा थोडा वेळ पान चघळत राहिले आणि मग शुद्ध मराठीत बोलू लागले. आमच्या घरात याला अर्थ होता. अण्णा एरवी मालवणीत बोलत. रागावले किंवा काही ठरवायचं असलं की कचेरीत उभं राहिल्यासारखं शुद्ध बोलत. "सुमा," ते म्हणाले, "हा दिवस तू आख. कुठे जायचं, काय न्यायचं, केव्हा निघायचं, सगळं तू. आपल्या सहा जणांना नीट ने आणि दिवेलागणीच्या आत घरी आण. तेवढं जमलं तर मुंबईला एकटी राहू शकशील असं मी समजेन."

मी त्या रात्री कागद आखला. माझी व्यवस्थितपणाची खोड तुम्ही जाणताच. आजही माझ्या डब्यांवर चिठ्ठ्या असतात. तेव्हा तर काय, सतरा वर्षांची होते. इंग्रजीत, वळणदार अक्षरात, डावीकडे वेळ आणि उजवीकडे कार्यक्रम. नऊला होडीत बसणे. दहाला जुव्यावर पोचणे. जुवा म्हणजे खाडीच्या मुखाजवळचं छोटं बेट. चार माड, थोडी सुरूची झाडं आणि पांढरी वाळू. साडेबाराला भोजन, नंतर विश्रांती, चारला चहा, साडेचारला प्रस्थान, साडेपाचला घरी. चारचा चहा मी खास हेलनकाकीसाठी घातला होता. तिनं कागद वाचला आणि म्हणाली की मी सगळ्याचा विचार केला आहे, काहीच सुटलेलं नाही. अण्णांनीही तो कागद ओटीवर आलेल्या दोघातिघांना दाखवला. मी तरंगत होते.

सोमवारी निघालो. सोमवार म्हणून जेवण शाकाहारी. भाईकाकांनी हळूच नाराजी दाखवली, पण आत्यापुढे कोण बोलणार? आत्याचा तर त्या दिवशी सोमप्रदोष होता. सोमवारी त्रयोदशी आली की ती दिवसभर चहा-केळ्यावर राही आणि सूर्य बुडाल्यावर शंकराची पूजा करून उपास सोडी. "तू घरीच राहा," आई म्हणाली. "व्हय तर," आत्या म्हणाली, "आणि इतकी माणसा बसतत कशी ता मी कधी बघतलंय?"

होडी धोंडूतात्यांची. अण्णांचा माल चाळीस वर्षं, म्हणजे आजोबांच्या काळापासून, त्यांच्याच होडीतून जात होता. काटक, काळेभोर आणि फार कमी बोलणारे. खाडी काठोकाठ भरली होती. धोंडूतात्यांनी पाण्यात नारळ सोडला, हात जोडले आणि होडी जुव्यावरच्या पहिल्या माडापर्यंत अशी नेली की काकीचे बूटसुद्धा भिजले नाहीत.

सकाळ कशी गेली कळलं नाही. काकीनं चौकटीची लोकरी चादर पसरली. आम्ही सगळे तिच्या कडेकडेनं बसलो, मधे बसायचा धीर कुणाला होईना. मालवणहून मागवलेल्या पावाचे काकडीचे सँडविच एका डब्यात, दुसऱ्या डब्यांत आईचे घावणे, सांबारं, खोबऱ्याची चटणी आणि तांब्याभर सोलकढी. अण्णांनी एक सँडविच दोन्ही बाजूंनी उघडून पाहिलं. "भितर काय नाय," ते म्हणाले. "काकडी आसा," भाईकाका म्हणाले. "ताच म्हणतंय मी," अण्णा म्हणाले, तरी त्यांनी तीन खाल्ले. काकी घावणे सोलकढीत बुडवून खात होती. ते चूक होतं, पण तिचा चेहरा बघून तिला कोणी सांगितलं नाही. आत्या केळं सोलत हे सगळं मोजत बसली होती. थोड्या वेळानं तिनं मला विचारलं, "आता काय करूचा?" मी म्हटलं, "आता बसायचं." ती म्हणाली, "आणि मगाशी काय करत होतो?"

जेवणानंतर भाईकाका सुरूखाली घोरू लागले. अण्णा आणि आई बेटाच्या पलीकडच्या टोकाला समुद्र बघायला गेले. काकी वहीत माडांची चित्रं काढत होती आणि मी शेजारी बसून तिला प्रत्येक गोष्टीचं नाव सांगत होते. तेवढ्यात धोंडूतात्या आले. बायकांपासून चार हात लांब उभे राहून म्हणाले, "बाय, पाणी ओढता. दोनाच्या आत निघाक व्हया."

माझ्या घड्याळात दीड वाजला होता. मी म्हटलं, "तात्या, चारला चहा आहे. मग निघायचंय."

"चाराक पाणी नाय गावाचा. तू अण्णांका सांग."

"सांगते."

काकीनं वहीतून डोकं वर करून विचारलं, ते काय म्हणताहेत? आणि मी, जिला दोन्ही भाषा येत होत्या, म्हणाले की ते म्हणताहेत, जेवण छान झालं. काकीनं त्यांच्याकडे बघून हसून मान हलवली. धोंडूतात्यांनी समजून घेतलं की निरोप पोचला. ते निमूटपणे परत गेले आणि होडीजवळ उकिडवे बसले.

मी असं का केलं याचा नंतर मी पुष्कळ विचार केला आहे. लबाडी करायची म्हणून नाही केली. मला वाटलं, म्हाताऱ्याला घरची काहीतरी घाई असेल. आणि माझा कागद इतका स्वच्छ होता. त्यावर खाडाखोड करणं मला जिवावर आलं. बेळगावला समुद्र नाही. तिथल्या सहा वर्षांत मी एक गोष्ट विसरले होते, जी आमच्याकडे दुसरीतल्या पोरालाही येते. तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या सुमाराला भरती, आणि तिथून सहा तासांनी पुरी सुकती. त्रयोदशीची पाऊणपट पावणेदहा. म्हणजे चार वाजता, माझ्या चहाच्या नेमक्या वेळेला, खाडी रिकामी. आणि त्रयोदशी काही पंचांगात शोधायची नव्हती. ती सकाळपासून उपास करून माझ्यासमोर बसली होती.

चारला मी थर्मास उघडला. अण्णा-आई परतले, भाईकाका उठले, चहा कपांत ओतला. अण्णांनी कप तोंडाला लावला आणि कपाच्या कडेवरून त्यांची नजर किनाऱ्याकडे गेली. होडी चिखलात एका कुशीवर आडवी पडली होती. पाणी पार लांब गेलं होतं आणि मधे गुडघाभर काळाशार रेंदा चकाकत होता. त्यात कुर्ल्या इकडून तिकडे धावत होत्या.

अण्णांनी कप खाली ठेवला. "धोंडू," ते शुद्ध मराठीत म्हणाले, "चाळीस वर्षं या खाडीत तुझ्या घरची होडी चालते आहे. तुला सुकती कळली नाही?"

धोंडूतात्यांनी एकदा, एकदाच, माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता. त्यांना फक्त कळलं होतं. मग ते होडीकडे बघत म्हणाले, "चुकला, अण्णानू. वायच डोळो लागलो."

"डोळा लागला. बायकामाणसं घेऊन आलो आहे, घरात उपास आहे, आणि तुझा डोळा लागला. उद्या माल असाच चिखलात घालशील. मला दुसरी होडी बघावी लागेल."

धोंडूतात्यांचा डोळा लागला नव्हता. दीडपासून ते पाण्याकडे आणि आमच्याकडे आळीपाळीनं बघत बसले होते, हे मी पाहिलं होतं. माझ्या हातात साखरेचा डबा होता. दादरची मावशी, कॉलेजचा जिना, जो मी कधी पाहिला नव्हता पण रोज चढत होते, ते सगळं मला त्या रेंद्यात उतरताना दिसलं. मी डबा खाली ठेवला.

"अण्णा, तात्यांनी मला दीडलाच सांगितलं होतं. दोनच्या आत निघायला हवं म्हणाले होते. मी तुम्हाला सांगितलं नाही."

काकीनं माझी बाही ओढून विचारलं, काय झालं? तेव्हा मला तेच सगळं इंग्रजीत सांगावं लागलं, शिवाय मी तिलाही खोटं सांगितलं होतं तेही. एक चूक दोन भाषांत कबूल करून बघा. दुसऱ्या खेपेला ती जास्त लांब लागते. काकीनं ऐकून घेतलं, उठून धोंडूतात्यांपाशी गेली आणि त्यांच्यापुढे हात जोडले. ते इतके ओशाळले की रेंद्यात एक पाऊल मागे गेले आणि पोटरीपर्यंत रुतले. मग काकीनं मला विचारलं की पाणी परत यायला किती वेळ आहे. दोन तास, मी म्हटलं. "छान," ती म्हणाली, "मग अजून दोन तास बसता येईल. चहा उरला आहे का?"

भाईकाकांना हसू आवरेना. आईनं तोंडाला पदर लावला. अण्णा मात्र उठून लांब एका माडाच्या मुळावर आमच्याकडे पाठ करून बसले.

त्या दोन तासांत मी सोडून सगळ्यांची सहल झाली. धोंडूतात्यांनी काकीला वाळूत पायाच्या अंगठ्यानं तिसऱ्या कशा चाचपायच्या ते दाखवलं. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता आणि त्यांना दुभाषीची गरजही वाटली नाही. सँडविचचा रिकामा डबा शिंपल्यांनी भरला. "सोमवार आसा," आत्यानं लांबूनच बजावलं. "उद्याक मंगळवार," भाईकाका म्हणाले आणि डब्यावर झाकण लावलं.

सूर्य टेकला तसं पाणी रांगत परत येऊ लागलं. आत्याची पूजेची वेळ झाली होती आणि पूजा घरी, देवघरात, समईजवळ. माझ्यामुळे तिचा नेम मोडणार म्हणून मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. ती म्हणाली, "उभी काय रवलंस? ओली वाळू हाड." तिनं वाळूची पिंडी केली, दोन तळव्यांत घोटून, गुळगुळीत. काकीनं मर्यादवेलीची जांभळी फुलं ओंजळभर आणली. आत्यानं ती तिच्या हातून घेतली. होडीच्या नांगरावर नारळ फोडला. पूजा संपून आत्या मागे सरते न सरते तोच पाण्याची एक जीभ आली आणि पिंडी अलगद घेऊन गेली. "बघा," आत्या म्हणाली, "घरी इतक्या लवकर कोण नेता?" तिनं खोबऱ्याचा तुकडा खाऊन उपास सोडला आणि मग थोडा वेळ इकडे तिकडे बघून काकीला खूण केली. कागदात गुंडाळलेलं शेवटचं सँडविच उरलं होतं. आत्यानं ते संपूर्ण खाल्लं. "मीठ कमी आसा," ती मला म्हणाली. "पण सांगा नको तिका."

होडी तरंगली तेव्हा तेरशीचा चंद्र चांगला हातभर वर आला होता. वाटेत काकी हळू आवाजात तिच्या गावचं काहीतरी गुणगुणत होती आणि धोंडूतात्या त्या तालावर वल्हं मारत होते. अण्णा पुढच्या टोकाला, नाळेवर बसले होते. त्यांनी एकदाच तोंड उघडलं. "धोंडू, गुरवारी शंभर नारळ आचऱ्याक पोचवचे आसत." "व्हय, अण्णानू," धोंडूतात्या म्हणाले. माझ्याकडे दोघांनीही पाहिलं नाही.

धक्क्यावर उतरलो. दोन्ही बाजूंच्या घरांतून केव्हाचे कंदील लागले होते. आमचं घर तेवढं काळोखात होतं, कारण घरातलं सगळं माणूस होडीत होतं. पायऱ्यांपाशी अण्णा थांबले. "सुमा," ते म्हणाले, "मी दिवेलागणीच्या आत म्हणालो होतो." शुद्ध मराठी. मी मान खाली घातली.

आत्या आमच्या पुढे होती. तिनं पायरीवरच्या घंगाळातलं पाणी पायांवर घेतलं, सावकाश, आधी एका, मग दुसऱ्या. कोनाड्यातून काड्यांची पेटी चाचपून काढली आणि उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"बाबल, ह्या घरात दिवो कोण लायता?"

अण्णा म्हणाले, "तू."

"मी खंय आसंय?"

"भायर."

"मगे लागलो खंय दिवो?" तिनं पेटी कानाजवळ हलवून पाहिली, काड्या आहेत ना म्हणून. "चेडवाक आधी भितर जाऊ दे. मगे लायतंय. माका घाई नाय, माझो उपास सुटलो आसा."

भाईकाका काकीच्या कानात हे सगळं इंग्रजीत सांगत होते आणि तिला ते दुसऱ्यांदा सांगावं लागत होतं. शेजारच्या खळ्यातून कोणीतरी विचारलं, "इलात काय रे?" अण्णांनी उपरण्यानं तोंड पुसलं, आणि मला वाटतं, हसूही पुसलं.

"जा गो भितर," ते म्हणाले.

मी उंबरा ओलांडला. आत इतका काळोख होता की हाताला भिंत लागेपर्यंत मी चालत राहिले. मग मागे काडी ओढल्याचा आवाज आला.